शिरोलीतल्या छोट्या फाउंड्रीला सँड रिक्लेमेशन (वापरलेली वाळू साफ करून परत वापरणं) परवडेल का? जळक्या वाळूचं नेमकं काय करायचं?

ओतकाम_शिरोली
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचून मगच सांगा ही विनंती.

आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. वडिलांनी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये सुरू केली, नंतर इकडं प्लॉट घेतला. ग्रे आयर्न जास्त, थोडं एसजी (गोल ग्रॅफाइटचं बीड), सगळं ग्रीन सँड मोल्डिंग (बेंटोनाइट माती आणि पाणी घातलेल्या वाळूचे साचे), महिन्याला साधारण २०० टन मेटल वितळतं. जॉब मिक्स आहेत, ट्रॅक्टरची हाऊसिंग, पंपाच्या बॉड्या, ब्रॅकेट असलं. कोअर (कास्टिंगमधली पोकळी सोडणारे वाळूचे ठोकळे) बहुतेक कोल्ड बॉक्सचे (रेझिन गॅसनं घट्ट होतं), थोडे शेलचे (रेझिन लावलेली वाळू तापवून) आणि मोठे जाड कोअर अजून सीओटूवर (सोडियम सिलिकेट कार्बन डायऑक्साइडनं घट्ट करून) करतो.

विषय असा आहे की महिन्याला ८० टनाच्या आसपास काळी वाळू गेटबाहेर जाते. पूर्वी लोक स्वतः ट्रॉली घेऊन यायचे, प्लॉट भरायला, रस्त्याच्या भरावाला नेत होते, आपल्याला एक रुपया खर्च नव्हता. आता कुणी नेत नाही, आजूबाजूच्या गावांची हरकत असते आणि ती रास्तच आहे, ओढ्याकाठी असले ढीग कुणाला बघायला आवडतील. वाहतूकवाला दरवर्षी रेट वाढवतो आणि वाळू नेमकी कुठं ओततो ते विचारलं की नीट सांगत नाही, म्हणजे उद्या काही झालं की गाडी त्याची पण माल आमच्या नावाचा. नवी सिलिका कासार्डे-फोंडा बाजूनं येते, तिचा रेट म्हणजे निम्मं भाडंच असतं आणि पावसाळ्यात घाटातून ओली वाळू आली की ड्रायरवर परत खर्च.

त्यात आता एका मोठ्या कस्टमरनं फॉर्म पाठवलाय, सर्क्युलर इकॉनॉमीमध्ये तुम्ही काय करता, किती टक्के मटेरियल पुन्हा वापरता, लँडफिलला किती जातं असले प्रश्न. मेटलचं उत्तर सोपं होतं, रनर-रायझर (साच्याच्या वाटेत उरलेलं मेटल), रिजेक्शन सगळं परत भट्टीत जातं आणि बाकीचा चार्ज पण भंगारच असतो. वाळूचा रकाना मात्र कोरा ठेवला आणि ते मनाला लागलं.

एक मशीनवाले थर्मल रिक्लेमेशनचं (वाळू भाजून रेझिन जाळायचं) कोटेशन देऊन गेलेत. आकडा आमच्या साइजच्या मानानं मोठा आहे. ते म्हणतात सगळी वाळू टाका, नव्यासारखी होऊन बाहेर येईल. हे खरंच असं होतं का? ज्यांनी वापरलंय त्यांनी मनापासून सांगा. आणि मशीन घ्यायचं नसेल तर काय काय करता येईल ते पण सांगा, हा रकाना मला भरायचाय आणि खरा भरायचाय.

---

भट्टीवाला_गोकुळशिरगाव
दादा पहिलं एक काम करा, कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवा आणि वहीत हिशेब मांडा. ८० टन बाहेर जाते म्हणजे तेवढंच कायतरी आत येतंय, सिस्टीममध्ये वाळू तयार होत नाही. कोअरची नवी वाळू किती, मिलमध्ये (वाळू मिसळायच्या मशीनमध्ये) किती नवी टाकता, बेंटोनाइट किती, कोल डस्ट (कोळशाची भुकटी) किती, सगळ्याची बेरीज करा, ती ८० च्या जवळपास येईल बघा. मग कळेल की वाळू बाहेर टाकावी लागते ती खराब झाली म्हणून कमी आणि हॉपरमध्ये मावत नाही म्हणून जास्त. बहुतेक फाउंड्रीत हेच असतं, कोअर फुटून ग्रीन सँडमध्ये मिसळतात, सिस्टीम फुगत जाते आणि मग रोज एक ट्रॉली भरून बाहेर काढायची.

आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडं वाळू एक नाही, निदान चार प्रकारची आहे आणि तुम्ही ती एकाच ढिगात टाकताय. कोल्ड बॉक्सची, शेलची, सीओटूची आणि ग्रीन सँड. ढीग एकदा एक झाला की जगातलं कुठलंही मशीन आणलं तरी ते खर्चिकच पडणार. थर्मलमध्ये रेझिन जळतं, बेंटोनाइट जळत नाही, ते दाण्यावर भाजून घट्ट बसतं, मग ते खरवडायला मागं अॅट्रिशनचं मशीन लागतं. आणि सीओटूची वाळू चुकून गेली तर सोडियम सिलिकेट त्या तापमानाला मऊ होऊन दाणे एकमेकाला चिकटतात, आमच्या ओळखीत एका ठिकाणी फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (हवेवर वाळू खेळती ठेवणाऱ्या भट्टीत) खडी झालेली मी स्वतः बघितलीय, आत माणूस उतरून छिन्नीनं फोडावी लागली. तेव्हा "सगळी वाळू टाका" असं जो म्हणतो त्याला आधी विचारा की गॅरंटी कशाची देणार, कुठल्या वाळूवर, लेखी द्या म्हणावं.

वेगळी कशी करायची ते सांगतो. कोअररूमपासून सुरू करा. तिथं रोज किती कोअर तुटतात, शूटरखाली (कोअर भरायच्या मशीनखाली) किती मिक्स सांडतं, शिफ्ट संपताना हॉपरमधलं उरलेलं किती काढून टाकतात हे कधी वजन करून बघितलंय का? ती वाळू मेटलच्या जवळपण गेलेली नसते, क्ले नाही, काही नाही, फक्त रेझिन. आणि ती झाडून त्याच काळ्या ढिगावर जाते. तिला वेगळा बॉक्स ठेवा आजपासून, याला रुपया लागत नाही.

दुसरं नॉकआऊट, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढणं. कास्टिंग शेकआऊटवर (हलणाऱ्या जाळीवर) पडलं की बाहेरची ग्रीन सँड खाली जाते, पण हाऊसिंगसारख्या जॉबमध्ये आतला कोअर बराचसा आतच राहतो. तो तुम्ही कुठं पाडता? फेटलिंगला (कास्टिंग साफ करताना) हातोड्यानं किंवा हवेच्या हॅमरनं, बरोबर? तिथं खाली जाळी आणि ट्रे ठेवा. ती वाळू हातात घेऊन बघा, राखाडी-तपकिरी असते, काळी कुळकुळीत नसते. हीच तुमची खरी कमाई. आमच्याकडं फक्त हे दोन केलं आणि बाहेर जाणारी ट्रॉली डोळ्यादेखत कमी झाली, कारण कोअरची वाळू मुळात ग्रीन सँडमध्ये जायचीच थांबली.

सीओटूचे कोअर हळूहळू बंद करता आले तर बघा. नाही जमलं तर त्यांचे जॉब एकाच दिवशी ओता म्हणजे तो माल बाजूला काढता येतो. लई अवघड नाही हे, फक्त फोरमनला पटवायला लागतं.

---

लॅबवाली_ताई
वरच्या दादांशी पूर्ण सहमत, मी फाउंड्रीच्या सँड टेस्टिंगमध्येच काम करते म्हणून आकड्यांच्या बाजूनं थोडं लिहिते.

ग्रीन सँडमध्ये लोक टोटल क्ले बघतात आणि घाबरून वाळू फेकतात किंवा उलट, टोटल क्ले भरपूर दिसतोय म्हणून बेंटोनाइट कमी टाकतात आणि मोल्ड फुटायला लागतात. बघायचा असतो अॅक्टिव्ह क्ले, मिथिलीन ब्लू टेस्टनं. मेटलला लागून असलेल्या थरात बेंटोनाइट ६००-७०० डिग्रीच्या वर गेलं की त्यातलं रचनेतलं पाणी निघून जातं आणि मग ते कितीही भिजवलं तरी परत चिकटत नाही, तो डेड क्ले. तो वाढला की पाणी जास्त पितो, परमिएबिलिटी (वाळूतून गॅस जायची क्षमता) उतरते, ब्लो होल (गॅसची भोकं) येतात आणि मग सगळ्यांचा उपाय एकच, नवी वाळू ओता. म्हणजे नवी वाळू आत आली की जुनी बाहेर! त्यापेक्षा चांगलं सोडियम बेंटोनाइट घ्या, कच्छचंच सगळ्यांना येतं पण त्यातही गाडीगाडीला फरक असतो, प्रत्येक लॉटची टेस्ट करा. आणि बॅग फिल्टरची ओढ बरोबर आहे का ते तपासा, कमी असेल तर बारीक डेड क्ले बाहेर जातच नाही आणि जास्त असेल तर अॅक्टिव्ह क्ले पण ओढून नेतो, दोन्ही बाजूंनी नुकसान आपलंच. शेकआऊटनंतर वाळू गरम असताना मिलमध्ये गेली तरी सगळं बिघडतं हे वेगळं सांगायला नको.

रिक्लेम केलेली वाळू परत कोअरला वापरणार असाल तर चार गोष्टी बघा. लॉस ऑन इग्निशन (एलओआय, वाळू तापवल्यावर जळून जाणारा भाग), थर्मलनंतर तो ०.१-०.२ टक्क्याच्या आत यायला हवा. दाण्याचा एएफएस नंबर (बारीकपणाचं माप) आणि पॅनवरचं फाइन्स (चाळणीखाली उरणारी धूळ). राहिलेला क्ले. आणि चौथी जी बरेच जण करतच नाहीत ती अॅसिड डिमांड व्हॅल्यू (वाळूतला अल्कलीपणा). बेंटोनाइट किंवा सिलिकेट राहिलं असेल तर ही व्हॅल्यू वर जाते आणि कोल्ड बॉक्सचं मिक्स हॉपरमध्येच सेट व्हायला लागतं, शूटरवाला म्हणतो रेझिन खराब आलं आणि दोष सप्लायरवर जातो. रेझिन ठीक असतं, वाळू अल्कलाइन असते.

उलट चांगली भाजलेली वाळू काही बाबतीत नव्यापेक्षा बरी वागते हे पण लिहून ठेवा. क्वार्ट्झ ५७३ डिग्रीला एकदम फुगतो, त्यामुळं कास्टिंगमध्ये व्हेनिंग (कोअर तडकून उठणाऱ्या पातळ शिरा) येतं. एकदा भाजून आणि घासून झालेल्या दाण्याच्या कडा गोलसर होतात, रेझिन कमी लागतं आणि व्हेनिंग पण कमी दिसतं. पण एकदम १०० टक्के नको. २०-३० टक्के मिक्स करून सुरुवात करा, टेन्साइल (कोअरची ताणाची ताकद) लगेच आणि २४ तासांनी दोन्ही घ्या, आणि ट्रायल उन्हाळ्यात घेऊन खूश होऊ नका, जुलैमध्ये परत घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ठेवलेले कोअर कसे मऊ पडतात ते तुम्हाला माहीतच आहे.

---

क्वालिटी_चाकण
मी फाउंड्रीवाला नाही, चाकणला एका वाहन कंपनीच्या सप्लायरकडं क्वालिटी बघतो, त्यामुळे तुमच्याकडं जो फॉर्म आलाय तो कुठून येतो तेवढं सांगू शकतो. सेबीनं टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा) रिपोर्ट बंधनकारक केलाय, त्यात कचरा किती निर्माण झाला, किती रिसायकल, किती पुन्हा वापरला, किती डम्प केला हे टनात द्यावं लागतं. त्या कंपन्या आता हाच प्रश्न खाली सप्लायरकडं ढकलतायत. पुढच्या काही वर्षांत हा फॉर्म शोभेचा राहणार नाही, बिझनेस देताना बघितला जाणार, म्हणून तुम्ही आत्ता विचार करताय हे फार चांगलं आहे.

एक सल्ला, टक्केवारी लिहिताना ग्रीन सँड फिरते ती धरून "९५ टक्के रियूज" असं लिहू नका. काही जण लिहितात. ग्रीन सँड सिस्टीममध्ये फिरतेच, तो प्रोसेसचा भाग आहे. ऑडिटर जाणकार असेल तर तो थेट विचारतो की प्रति टन कास्टिंगला नवी वाळू किती आत आली आणि किती बाहेर गेली. हा एकच आकडा दर महिन्याला ठेवा, वजनकाट्याच्या पावत्यांसकट. आज जास्त आला तरी चालेल, दर तिमाहीला उतरताना दिसला पाहिजे.

आणि चिप्सचं काय करता? मशीनिंग पण करत असाल तर सीआय बोरिंग (बिडाचा भुसा) सुटं विकण्यापेक्षा दाबून ब्रिकेट करून आपल्याच भट्टीत घेणारे लोक मी बघितलेत. सुटं बोरिंग भट्टीत टाकलं तर जळून जातं बरंचसं आणि कूलंटचा धूर होतो. ते पण सर्क्युलरच्या रकान्यात बसतं.

---

ओतकाम_शिरोली
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी समोर बसून पण सांगत नाही.

भट्टीवाले काकांनी सांगितलेला हिशेब कालच मांडला. कोअरची नवी वाळू महिन्याला ५० टनाच्या घरात, मिलमध्ये फेसिंगसाठी (मेटलला लागणारा वाळूचा थर) १५ टन, आणि बेंटोनाइट-कोल डस्ट मिळून १५ च्या आसपास. म्हणजे ८० ला ८०, तंतोतंत बसलं. इतकी वर्षं ट्रॉली भरताना हे कधी कागदावर आलं नव्हतं. कोअररूममधला कचरा आजपासून वेगळ्या बॉक्समध्ये टाकायला सांगितलाय.

चिप्स आमच्याकडं फारशा नाहीत, मशीनिंग बाहेरून होतं. पण हे वेगळं केलेलं कोअर सँड १०-१५ टन जरी जमलं तरी तेवढ्यासाठी थर्मल मशीन कसं परवडणार? गॅसचा खर्च कुणी सांगू शकेल का? आणि उरलेल्या काळ्या वाळूचं काय, ती तर राहणारच.

---

उद्यमबाग_बेळगाव
बेळगावहून लिहितोय, आमच्या इथं उद्यमबागला पण हाच प्रश्न आहे. माझं शॉप नो-बेक फ्युरानचं (न तापवता अॅसिडनं घट्ट होणाऱ्या रेझिनचं) आहे, मोठे जॉब. आम्हाला मेकॅनिकल रिक्लेमेशन पुरतं, ढेकळं फोडायची, दाणे एकमेकांवर घासायचे, धूळ ओढून काढायची, थंड करायची, बस. बहुतेक वाळू परत येते, थोडी नवी घालत राहायची. फक्त एसजी ओतताना जपायला लागतं, कारण फ्युरानच्या अॅसिडमधलं सल्फर परतपरतच्या वाळूत साठत जातं आणि कास्टिंगच्या पृष्ठभागाजवळचा ग्रॅफाइट गोल राहत नाही. एलओआय वर गेला की नवी वाळू वाढवतो. हे तुम्हाला सांगायचं कारण असं की तुमचे ते मोठे सीओटूचे कोअर नो-बेकवर नेता आले तर ती वाळू साध्या मेकॅनिकल मशीनवर परत मिळेल, सीओटूची डोकेदुखी जाईल.

गॅसचा अंदाज देतो. एक टन वाळू ७०० डिग्रीपर्यंत न्यायची म्हटली तर वाळूच्या स्पेसिफिक हीटनं साधारण २०० युनिटएवढी उष्णता लागते, म्हणजे १६ किलोच्या आसपास एलपीजी, आणि यात भिंतीतून-धुरातून जाणारा लॉस धरलेला नाही. थोडी उष्णता रेझिन जळून मिळते, आणि बाहेर पडणाऱ्या गरम वाळूची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं मशीन असेल तर अजून कमी लागतं. तेव्हा मशीनवाल्याला प्रति टन गॅस आणि वीज दोन्ही लिहून मागा, ते पण तुमच्या वाळूवर ट्रायल घेऊन, त्यांच्या ब्रोशरवरचं नको. मग तुमचा हिशेब असा, नवी वाळू दारात पडेपर्यंतचा खर्च अधिक काळी वाळू टाकायचा खर्च, त्यातून गॅस, वीज, फिल्टर, माणूस वजा. आणि एक टन आत टाकली की एक टन बाहेर येत नाही, फाइन्स निघून जातात हे धरा.

१०-१५ टनाला स्वतःचं थर्मल मशीन घेऊ नका, ते तासन् तास रिकामं बसेल आणि दर वेळी थंड बेड तापवायलाच गॅस जाईल. हे मशीन सलग चालवलं तरच परवडतं. तीनचार जणांत मिळून घ्या किंवा क्लस्टरच्या कॉमन फॅसिलिटीत चौकशी करा, एमएसएमई मंत्रालयाची क्लस्टर डेव्हलपमेंटची योजना अशा कॉमन सेंटरला मदत देते. कोल्हापूरला आयआयएफचं (इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचं) चॅप्टर आहे, तिथल्या मीटिंगला जा, कोण कोण तयार आहे ते कळेल. पण कॉमनमध्ये एक धोका, शेजाऱ्याची घाण तुमच्या वाळूत येते. गेटवरच सॅम्पल घेऊन क्ले आणि अॅसिड डिमांड बघितल्याशिवाय गाडी खाली करायची नाही असा नियम असला पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत भांडणं. शेलची वाळू मात्र वेगळी ठेवा, रेझिन कोटेड सँड बनवणारे काही जण ती परत घेऊन भाजून पुन्हा कोट करतात, तुमच्या सप्लायरला विचारून बघा.

---

पेव्हर_कागल
माझा कागलला पेव्हर ब्लॉकचा धंदा आहे, फाउंड्रीची वाळू गेली काही वर्षं वापरतो म्हणून माझा अनुभव लिहितो. पहिलं म्हणजे सगळी वाळू चालत नाही. ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट आणि कोळसा असतो, तो पाणी पितो, मग सिमेंट वाढवायला लागतं आणि ब्लॉकचा रंग काळपट येतो. म्हणून मी ती क्रश सँडमध्ये थोड्या प्रमाणात, आणि ते पण फक्त खालच्या थरात घालतो, वरचा रंगाचा थर स्वच्छ मालाचाच. वरून बघितलं तर फरक कळत नाही आणि ताकद रोज क्यूब आणि ब्लॉक फोडून बघतो, आयएस १५६५८ मध्ये जी ग्रेड सांगून विकतो ती आलीच पाहिजे, नाही आली तर तो लॉट रस्त्याला नाही, बाजूला.

फाउंड्रीवाल्यांना माझी कळकळीची विनंती एकच आहे, माल चाळून द्या हो! ट्रॉलीत लोखंडाचे गोळे, वायर, खिळे, कोअरची ढेकळं, चहाचे कप, फेटलिंगचे तुटके व्हील, सगळं येतं. एकदा व्हायब्रो मोल्डमध्ये लोखंडाचा मणी अडकला की मोल्डची कड जाते आणि तो मोल्ड काय स्वस्त येतो का. तुमच्याकडं चुंबकाचा पट्टा असतोच, बाहेर जाणारी वाळू पण त्यावरून आणि एका चाळणीवरून काढा, लोखंड तुम्हालाच परत मिळेल. असा माल देणारा असेल तर मी स्वतःच्या गाडीनं नेतो. आणि रोज थोडा थोडा पण सारखा माल पाहिजे, एक महिना भरपूर आणि एक महिना काहीच नाही असं झालं की माझं मिक्स बदलतं आणि मी परत क्रश सँडवर जातो.

---

लॅबवाली_ताई
पेव्हरवाल्या दादांचं पटलं, पण देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनी कागद नीट ठेवा. एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये (परवानगीत) तुमचा घनकचरा, त्याचं प्रमाण आणि तो कुठं जाणार हे लिहिलेलं असतं. पेव्हरला देणार असाल तर ते तिथं यायला हवं. वाळू द्यायच्या आधी एकदा लीचेट टेस्ट (पाण्यात काय झिरपतं ते) करून घ्या, जड धातू आणि फिनॉल. आयर्न फाउंड्रीच्या वाळूत सहसा फार काही निघत नाही, अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेनं २०१४ मध्ये लोखंड, स्टील आणि अॅल्युमिनियम फाउंड्रीच्या सिलिका वाळूचा अभ्यास करून ती माती तयार करायला, रस्त्याच्या थराला वापरायला हरकत नाही असं म्हटलं, पण पितळ-ब्राँझच्या फाउंड्रीची वाळू त्यातून मुद्दाम बाहेर ठेवली. तेव्हा शेजारच्या ब्रासवाल्याचा ढीग आणि तुमचा ढीग कधीच एक करू नका. आणि टेस्ट चांगली आली म्हणजे ओढ्याकाठी टाकायला परवानगी मिळाली असं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते.

अजून एक गोष्ट इथं अजून कुणी लिहिली नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाळू जितक्या वेळा फोडाल, घासाल, चाळाल तितकी बारीक सिलिका हवेत जाते. कायद्यातल्या नोटिफाइड रोगांच्या यादीत सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग) आहे आणि तो एकदा झाला की बरा होत नाही. रिक्लेमेशनच्या जागी डस्ट कलेक्टर नीट पाहिजे, तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, चांगले मास्क द्या, वर्षाला छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची तपासणी करा. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचीसुद्धा, मुख्य म्हणजे त्यांचीच, कारण चाळणीवर तेच उभे असतात. आपण वाळू वाचवायची आणि माणसाचा श्वास घालवायचा असं होता कामा नये.

---

भट्टीवाला_गोकुळशिरगाव
ताई शंभर टक्के बरोबर. आमच्या पिढीतली किती माणसं खोकत गेली, तेव्हा त्याला दमा म्हणायचे.

दादा, तुमच्या ५० टनाचं सांगतो. कोअररूमचा कचरा आणि आतल्या कोअरची वाळू मिळून त्यातली बरीच वेगळी काढता येईल, पहिल्या महिन्यात १०-१५ म्हणताय ते हात बसला की वाढेल. ती भाजून परत कोअरला गेली की दुहेरी फायदा, नवी तेवढी कमी आणि ग्रीन सँड तेवढी फुगणार नाही. आणि ते फेसिंगचे १५ टन? ती नवी वाळू कशाला? आतल्या कोअरची पाडलेली वाळू नुसती फोडून चाळून फेसिंगमध्ये घाला, तिथं मशीनपण लागत नाही. थोडं रेझिन राहतं त्यात पण कोल डस्ट तेवढी कमी करायची, तोच कार्बन आहे. हळूहळू करा, परमिएबिलिटी आणि एलओआय बघत. आम्ही फेसिंगला नवी वाळू घेणं जवळपास बंद केलंय.

---

ओतकाम_शिरोली
काका, हे फेसिंगचं डोक्यातच आलं नव्हतं! म्हणजे मशीन न घेताच १५ टनाला हात घालता येतोय. उद्याच फेटलिंगखाली ट्रे करायला टाकतो, आमच्या फॅब्रिकेटरकडं जुनी चाळण पडलीय ती पण बसवून घेतो. सॅम्पल घेऊन ताई म्हणतात त्या सगळ्या टेस्ट करून घेईन, आणि धूळ ओढायला तिथं हूड लागणार हे धरूनच ट्रे डिझाइन करतो. फेटलिंगला आठ पोरं आहेत, त्यांची तपासणी या महिन्यातच लावतो.

मशीनवाल्यांना फोन करून सांगितलं की दोन सॅम्पल पाठवतो, एक वेगळं केलेलं आणि एक आत्ताचं मिक्स, दोन्हीवर ट्रायल घ्या आणि प्रति टन गॅस लिहून द्या. ते जरा गडबडले, पण हो म्हणालेत.

पेव्हरवाले दादा, तुम्हाला मेसेज केलाय. चुंबकावरून काढलेली, चाळलेली काळी वाळू रोज एक ट्रॉली देऊ शकतो, तुमच्या मिक्सला कुठल्या जाळीची चाळण पाहिजे तेवढं सांगा. कन्सेंटमध्ये बदल करायला किती वेळ लागतो ते कन्सल्टंटला विचारतो, त्याच्याआधी गाडी भरणार नाही.

एकच अडलंय. सीओटूचे कोअर बंद करायचे तर त्या जॉबचे कोअरबॉक्स लाकडी आहेत, नो-बेकला ते तसेच चालतील का नवीन करायला लागतील?

---

उद्यमबाग_बेळगाव
लाकडी चालतात, टाकायचे नाहीत. जुना रंग खरवडून काढा, भेगा भरून घ्या, फ्युरानच्या रेझिन-अॅसिडला टिकेल असा पॅटर्न कोटिंग मारा आणि रिलीज एजंट न विसरता लावा, नाहीतर कोअर बॉक्सला धरतो. सीओटूच्या बॉक्सला ड्राफ्ट (कोअर सुटायचा उतार) कमी ठेवलेला असतो पुष्कळदा, कोअर काढताना कड मोडायला लागली तर पॅटर्नमेकरकडून तिथं थोडा ड्राफ्ट वाढवून घ्या, पण ड्रॉइंगची टॉलरन्स बघून. एक जॉब आधी करून बघा, सगळ्यात साधा कोअर निवडा. पटलं तर एकदा बेळगावला या, आमचं शॉप दाखवतो.